पैऱ्याने निवडलेला तारा

फेब्रुवारी सरत आला की आईचा फोन येतो आणि ती आधी माझी तब्येत विचारत नाही. ती विचारते, "रजा किती हाय?" म्हणजे हळद निघाली. पलूसजवळच्या आमच्या गावात हळद काढायला लागतात तेव्हाच इकडे साताऱ्यात माझ्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा लागतात. दरवर्षी. विद्यापीठाचं वेळापत्रक करणाऱ्यांना हळद माहीत नाही, हळदीला विद्यापीठ माहीत नाही, आणि दोघांच्या मधे मी, एका हातात बाहेरून आलेल्या परीक्षकांसाठी चहाचा थर्मास आणि दुसऱ्या हातात फोन. यंदाही तेच. लंबकाचा प्रयोग चालू होता, एका मुलाचा दोरा तिसऱ्यांदा सुटला होता, आणि आई सांगत होती की शालन आत्यांचं रान उद्या उकरणार आहेत, तू रविवारी तरी ये.

रविवारी गेले. सोमवारी परत वर्गात उभी राहिले तेव्हा नखं पिवळी. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, कुणाचं लग्न होतं?" मी म्हटलं, कुणाचं नाही, फळ्याकडे बघ. हळदीचा रंग साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही, लिंबाने जातो म्हणतात तोही जात नाही. तो स्वतःच्या सवडीने जातो. खडूने लिहिताना पांढऱ्यावर तो जास्तच दिसतो.

आणि शिजलेल्या हळदीचा वास. लोकांना हळदीचा वास म्हणजे डब्यातल्या पुडीचा वास वाटतो. शिजताना तिचा वास वेगळा असतो, ओल्या मातीचा, थोडा कडवट, थोडा आल्यासारखा, आणि तो वाफेबरोबर अंगाला चिकटतो. कऱ्हाड सोडून एसटी पुढे निघाली, की कुठल्या तरी वस्तीवर हळद शिजवायचा मोठा पत्र्याचा कुकर लागलेला असतो आणि खिडकीतून तो वास आत येतो. मला दरवेळी वैताग येतो आणि दरवेळी भूक लागते. तो एक हंगाम आठवतो. त्या हंगामात मी एका ताऱ्याला हळदीच्या खळ्यावर आणून ठेवलं होतं.

तेव्हा मी पुण्यात पीएच.डी. करत होते, आणि त्या वर्षी माझा प्रबंध बाहेरच्या परीक्षकाकडून परत आला होता. नापास म्हणून नाही, एका प्रश्नासकट. तो प्रश्न कळायला आधी तारा कळला पाहिजे, आणि तो मी इतक्या जणांना इतक्या वेळा समजावला आहे की आता तोंडात आपोआप येतो. एक मेलेला तारा. आकाराने एखाद्या शहराएवढा, वजनाने सूर्यापेक्षा जास्त. त्याच्या शेजारी एक जिवंत, मोठा तारा. मेलेला तारा त्या जिवंताचा वायू सतत आपल्याकडे ओढून घेतो. तो वायू त्याच्या चुंबकीय ध्रुवांवर जाऊन आदळतो, इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. तारा स्वतःभोवती फिरतो, म्हणून ते किरण आपल्याला ठोक्यांसारखे दिसतात, एक ठोका, मग अंधार, मग पुन्हा ठोका. उपग्रह ते ठोके टिपतो. माझं काम त्या किरणांच्या वर्णपटात एक खाच शोधण्याचं. एका ठरावीक जागी उजेड किंचित कमी झालेला दिसला, तर तेवढ्यावरून त्या ताऱ्याचं चुंबकीय बळ सांगता येतं. खाच नाही तर काही नाही.

आम्हाला खाच दिसली होती. उपग्रहाच्या एकेका फेरीत टिपलेल्या नोंदींना आम्ही फेरीच म्हणायचो. माझ्याआधी माझ्या मार्गदर्शक सरांकडे असलेल्या विद्यार्थ्याने त्यांच्या सांगण्यावरून त्यातल्या चांगल्या फेऱ्या निवडून ठेवल्या होत्या, ठोके स्वच्छ असलेल्या. त्यांच्यावर मी चार वर्षं काम केलं. परीक्षकाने एवढंच विचारलं होतं: ज्या फेऱ्या टाकल्या त्या कोणत्या नियमाने टाकल्या? नियम आधी लिहा, त्याप्रमाणे पुन्हा निवडा, मग खाच राहते का ते सांगा. खाच राहिली नाही तर प्रबंधाचा अर्धा भाग जात होता. उत्तर मार्च संपायच्या आत हवं होतं. आणि त्याच आठवड्यात आई पाटाच्या कडेवरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला.

आता पैरा सांगायला हवा. आमच्याकडे हळदीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तरी आमच्यासारख्यांना परवडत नाहीत, म्हणून गल्लीतल्या बायका एकमेकींच्या रानात आळीपाळीने जातात. आज तुझ्याकडे सगळ्या, उद्या माझ्याकडे सगळ्या. जितके दिवस तू माझ्याकडे राबलीस तितके मी तुझ्याकडे फेडायचे. याला पैरा म्हणतात. घरातली बाई पडली तर घरातलंच दुसरं कुणी जायचं. आबा कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर, ते मार्च संपल्याशिवाय घरी दिसत नाहीत. भाऊ फौजेत, जम्मूकडे. राहिले मी.

सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, पैसे देऊन कुणीतरी बाई ठेवता येत नाही का? सर मोठ्या शहरात वाढलेले, मनाने चांगले, माझ्या पहिल्या परिषदेचं तिकीट त्यांनीच मिळवून दिलं. त्यांना कसं सांगणार, की आमच्या गल्लीत पैऱ्याला भाड्याचं माणूस पाठवलं तर त्याचा अर्थ असा होतो की आम्ही आता तुमच्यातले राहिलो नाही. मी म्हटलं, बघते. वैताग असा की दोघांचंही बरोबर होतं.

मग रोज सकाळी रान. ट्रॅक्टरने उकरलेल्या सरीत बसायचं, कंदांची माती झाडायची, गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे, मुळ्या मोडून टाकायच्या. बोटं आपोआप चालायला लागतात तोवर पाठ गेलेली असते. शालन आत्या आमच्या ओळीत पुढे. त्या नात्याने आत्या नाहीत, गल्लीने आहेत. गल्लीत कुठे काय चाललंय ते त्यांना आमच्या आधी कळतं आणि कामाची वाटणी त्यांच्या शब्दाने होते. मी मागे पडले की त्या मागे न बघताच म्हणायच्या, "पुण्याची बोटं दमानं चालत्यात." बाकीच्या हसायच्या. मला राग यायचा आणि तो गिळावा लागायचा, कारण अकरावीला सांगलीच्या वसतिगृहात निघाले तेव्हा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा याच बाईने दिला होता, आणि तो डबा अजून माझ्याकडेच आहे. उपकार झालेल्या माणसाला धड चिडताही येत नाही, हे मला कुठल्याच शाळेत शिकवलं नाही.

दुपारी जेवणानंतर मी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर जायचे. गावात नेट फक्त तिथे यायचं, तेही तिसऱ्या पायरीवर. संगणकाच्या कळांवर पिवळे ठसे. फेरी उघडायला लागली की रेंज जायची. खालून शेळ्या जायच्या, त्यातली एखादी थांबून बघायची. आईने गल्लीत अभिमानाने सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी एक्स-रेवर काम करते, त्यामुळे एका दुपारी शेजारच्या मंदा वहिनी सासऱ्यांच्या गुडघ्याची फिल्म घेऊन टाकीपाशी आल्या. मी म्हटलं वहिनी, माझे एक्स-रे ताऱ्याचे आहेत. त्या म्हणाल्या, असू देत की, गुडघ्याचा बघायला सोपा जाईल. मी ती फिल्म उजेडाला धरली. गुडघा दिसत होता. संध्याकाळी आईला सांगितलं तर ती उलट माझ्यावरच वैतागली, बघितलंस तर तुझं काय गेलं.

आत्यांनीही विचारलंच एकदा, ते तुझं काम म्हणजे नेमकं काय. माती झाडता झाडता मी सांगितलं, मेलेला तारा, जिवंत तारा, ओढून घेणं. त्या ऐकत राहिल्या.

"म्हंजी मोठ्याचं धाकटा सारखं घेतोय," त्या म्हणाल्या. "आन परत काय देतोय?"

"काही नाही."

"मग त्यो पैरा न्हाई. नुसतं ओरबाडणं हाय."

मी म्हटलं, ओढून घेतलेलं जे जळतं त्याचा उजेड आपल्याकडे येतो, तोच मी बघते. आत्यांनी एक गड्डा टोपलीत टाकला आणि म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरचं जळतंय आन तू उजेड बघतीस. ओळीतल्या सगळ्या हसल्या. माझ्या मार्गदर्शक समितीपुढे मी याच्याइतकं हशा मिळवणारं सादरीकरण कधी केलेलं नाही.

आमचं रान लहान. सगळ्यांनी मिळून ते झटक्यात उरकलं, शिजवून खळ्यावर पसरूनही झालं. पण मी इतरांच्या रानात त्याहून जास्त राबले होते. हे माझ्या लक्षातही नव्हतं. गल्लीच्या लक्षात होतं. एका संध्याकाळी आत्या दारात आल्या आणि आईला म्हणाल्या की पोरीचं आमच्याकडं उरलंय, ते फेडायला पाहिजे, रान तर संपलं, तर तिचं जे काय काम अडकलंय ते आम्ही करतो. मंगळवारी येतो.

मी म्हटलं आत्या, ते काम तसलं नाही. त्या म्हणाल्या, कसलं बी असू दे. मी म्हटलं मला फेडायचं काहीच नको, मी आईच्या बदल्यात आले. आत्या आईकडे बघत राहिल्या. त्या गेल्यावर आईने मोडका हात पोटाशी धरून मला सुनावलं. "न्हाई म्हणू नगो. फेडू दिलं न्हाईस, तर त्या पुढल्या साली आपल्याकडं यायच्या कशा? त्यास्नी बी मान हाय." मी म्हटलं आई, त्यांना मी काय काम देऊ? आई म्हणाली, शिकलीयस न्हवं, काढ काय तरी.

मला कुणी विचारलं नव्हतं. कुणालाच वाटत नव्हतं की मला एकटीने बसून विचार करायला एक सबंध दिवस मिळाला तर तेच फार झालं. तो दिवस मला भेट म्हणून कुणी दिला नसता. आणि मग वैतागातच एक गोष्ट सुचली. निवड करणाऱ्याला उत्तर काय हवं आहे ते माहीत नसावं, असा आमच्या विषयात एक चांगला रिवाज आहे. ज्याला खाचेचं काही पडलेलं नाही अशा माणसाने फेऱ्या निवडल्या, तर परीक्षकाच्या प्रश्नाला ते एक स्वच्छ उत्तर होतं. नियमाप्रमाणे निवड संगणक करणारच होता. पण त्याला ताडून बघायला परकी नजर मिळाली तर हवीच होती. गल्लीतल्या बायकांना खाचेचं काय पडलंय?

पलूसला जाऊन सगळ्या फेऱ्यांचे आलेख छापून घेतले, एका कागदावर एक. दुकानदार मशीनमधून कागद येताना बघत होता. वर-खाली, वर-खाली जाणाऱ्या रेषा. शेवटी त्याने आवाज खाली करून विचारलं, "एवढे ईसीजी कुणाचे? घरात बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, लांबचा पाहुणा आहे.

मंगळवारी दुपारी पाचजणी आल्या, डोक्यावर पदर, हात धुतलेले. खळ्यावर हळद वाळत होती, तिच्या कडेला चटई टाकली. शेजारच्या रानात कुकर लागलेला. मी सांगितलं, ज्या रेषेत मधेच एकदम उंच टोक आलंय त्यावर फुली करा, ते उपग्रहाच्या वाटेतल्या गडबडीमुळे येतं. बाकी तशाच सोडा. सोपं काम. आत्यांनी एक कागद उचलून लांब धरला.

"आन तुला कसलं पायजे?"

मी काही न बोलता निघायला हवं होतं. पण दमले होते आणि प्रश्न मायेने विचारला होता. मी दोन कागद दाखवले. हा बघा, याच्यात ठोके कसे स्वच्छ, सारखे, असे असले की माझं काम होतं. हे दुसरं असं किरकिरं, यात काही दिसत नाही. आत्या म्हणाल्या, कळलं. तेवढ्यात सरांचा फोन यायची वेळ झाली म्हणून मी टाकीवर गेले.

परत आले तेव्हा चटईवर एकच गठ्ठा होता, कडा जुळवलेला, सुतळीने बांधलेला. सगळ्यात वर सगळ्यात सुंदर आलेख. मंदा वहिनी हात झटकत होत्या. मी गठ्ठा हातात घेतला, तो हलका होता. मी विचारलं, बाकीचे? आत्यांनी शेजारच्या कुकरकडे बोट दाखवलं. तिथला जाळ विझायला आला होता, सरपण ओलं होतं, तर किडका माल घरात ठेवून काय करायचा म्हणून तो तिकडे दिला. चांगला पेटला म्हणाल्या.

"आत्या, ते पण लागणार होते."

"वाईट कशाला लागतंय?"

"वाईट पण मोजायचं असतं. किती चांगलं आणि किती वाईट, ते कळायला."

हिला शिकवलं तरी कुणी, अशा नजरेने आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग निवडाय कशाला बसवलंस?" त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, समजूत घालावी तशा, "अगं, तुझा माल साहेबापुढं जायचा. त्यात किडकं दिसून कसं चालंल?"

कागदांचं काही नव्हतं. सगळं संगणकात होतं, पुन्हा छापता आलं असतं. मला रडू यायला लागलं ते वेगळ्याच कारणाने, आणि ते मी हातपंपावर जाऊन तोंड धुण्याच्या निमित्ताने उरकलं. जिचा काही संबंध नाही अशी नजर मी शोधत होते, आणि ती मी आमच्या गल्लीत शोधत होते. मला चांगलं निघावं असं ज्यांना सगळ्यांत जास्त वाटत होतं त्याच बायकांपुढे मी गठ्ठा ठेवला, वर काय हवं तेही सांगून आले. त्यांनी माझ्यासाठी तेच केलं जे माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने सरांसाठी केलं होतं. त्यानेही काही लबाडी केली नव्हती. त्याला सर आवडायचे.

त्या आठवड्यात मी टाकीच्या तिसऱ्या पायरीवर बसून नियम लिहिला आणि संगणकाला सगळ्या फेऱ्या त्या नियमातून काढायला लावल्या. खाच उथळ झाली. अगदी गेली नाही. आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर डोळ्याला काहीतरी अडखळतं. बाजरीच्या भाकरीवर बोट फिरवताना एखादी कणी लागावी तसं. सरांना पाठवलं. त्यांचा फोन लगेच आला. नियम किंचित सैल करून बघ, म्हणाले. अगदी थोडा. मी म्हटलं सर, मग तो आधी लिहिलेला नियम राहत नाही. ते म्हणाले, मला माहीत आहे. त्यांची त्या ताऱ्यावर माझ्याहून जास्त वर्षं गेली होती. मागे शेळ्यांची घंटा वाजत होती, त्यांनी विचारलं हा आवाज कसला. मी म्हटलं शेळ्या. ते म्हणाले, बरं, तू ठरव.

तू ठरव! हे मला आयुष्यात कुणी म्हटलं की माझा जीव घाबरा होतो. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेलं कुणी नव्हतं, म्हणून दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, पुण्याला कसं जायचं, प्रत्येक वेळी सगळे माझ्याकडे बघून म्हणायचे, तुला कळतंय, तू ठरव. मला कधीच कळत नव्हतं. मी नुसती पुढे जात होते. या वेळीही कळत नव्हतं, खाच आहे की नाही. नियम सैल केला तर प्रबंध सबंध उभा राहत होता. नाही केला तर चार वर्षांच्या कामाबद्दल काय वाक्य लिहायचं?

आईने विचारलं काय निघालं. मी म्हटलं, काही निघालं नाही. एवढं बोलणं घराबाहेर जायला किती वेळ लागतो ते आमच्या गल्लीत राहणाऱ्यालाच माहीत.

आत्या आल्या त्या थेट उंबऱ्यात बसल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. आमच्यामुळे गेलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. कागद जळले म्हणून गेलं का? नाही. मग कशानं? मी म्हटलं, असतं एकेक, निघतं म्हणून शोधायला जातो आणि निघत नाही. हे त्यांना पटलं नाही. ज्या रानात लावलंय त्या रानात कमी निघेल, पण काहीतरी निघणारच, काहीच नाही असं कसं. मी खूप समजावलं. शेवटी त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून.

"वाया गेलेल्या कामानं पैरा फिटत न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या परत येतो. काढून ठेव."

आता मी खरोखर चिडले. उत्तर पाठवायला थोडे दिवस उरलेले, आणि मी पलूसला जाऊन तेच कागद पुन्हा छापत होते. दुकानदाराने या वेळी खुर्ची दिली, पाणी दिलं. "अजून उतार न्हाई व्हय?" त्याने विचारलं. मी मान हलवली.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण विद्यार्थी विचारतात. प्रबंध मंजूर झाला. त्यातलं एक प्रकरण बारीक झालं आणि त्या ताऱ्याबद्दल त्यात शेवटी एवढंच लिहिलं आहे की या निरीक्षणांवरून खाच आहे की नाही हे सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत त्या परीक्षकाने याच वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे लिहिणं अवघड गेलं असेल. सर खाली बघत होते. मी हो म्हटलं. नंतर सरांनी मला जेवायला नेलं, आणि जेवताना एकदाही ताऱ्याचं नाव काढलं नाही. मोठं संशोधन म्हणून माझ्या नावावर काही नाही. साताऱ्यात मुलांना लंबक शिकवते. दुसऱ्या कुणाला तरी पुढे, अधिक चांगल्या उपग्रहातून, ती खाच दिसेल किंवा ती नाही हे पक्कं कळेल. मला बातमी आली की मी बघेन. तोवर मला चैन नाही, हे कबूल करायला हरकत नाही. प्रयोगशाळेत एखादा मुलगा उत्तर पुस्तकात आहे तेवढं यावं म्हणून आकडा हळूच सरकवतो तेव्हा माझं डोकं फिरतं, आणि मुलांना वाटतं मॅडमना घरचा काहीतरी त्रास आहे.

पण ते वाक्य मला लिहिता आलं त्या दुसऱ्या दुपारमुळे. त्या दिवशी बायका आल्या त्याच पाचजणी, पण गप्पा नव्हत्या. आत्यांनी चटईवर बसताना विचारलं, या वेळी कसलं पाहिजे. मी म्हटलं, या वेळी सांगणार नाही. टोक आहे तिथे फुली, नाही तिथे काही नाही, आणि एकही कागद कुठे जाणार नाही.

"आता आमच्यापासनं लपवाय लागली," आत्या मंदा वहिनींना म्हणाल्या, मला ऐकू जाईल असं.

त्या फुगूनच कामाला लागल्या. मी उठून गेले नाही, पण तोंड फिरवून बसले, आईच्या डाव्या हाताला तेल लावत, सगळी कामं आता त्याच्यावर आली होती. ऊन खळ्यावरून सरकत होतं. वाळलेली हळकुंडं पायाने उलटवताना खडखड वाजतात, तेवढाच आवाज. मधेच दोघींची कुजबुज व्हायची, हे टोक म्हणायचं का, अगं हे तर नुसतं वाकडं हाय, न्हाई गं, बघ की नीट. मग गप्प. मला मागे वळून सांगावंसं वाटत होतं, आणि मी आईचा हात इतका जोरात दाबला की ती ओरडली.

शेवटी आत्यांनी हाक मारली. चटईवर फुल्यांचा एक गठ्ठा होता, बिनफुल्यांचा एक. मी तो दुसरा उचलला, त्यात किरकिऱ्या रेषाही होत्या, सुंदरही होत्या, शेजारी शेजारी. आणि या दोन्हींपासून लांब, चटईच्या कोपऱ्यात, थोडे कागद वेगळे ठेवले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक गड्डा. ते कुठले, मी विचारलं.

"त्याचं आमाला कळंना," आत्या म्हणाल्या. अजून घुश्श्यातच होत्या. "ही म्हणती टोक हाय, मी म्हणती न्हाई. लय येळ भांडलो. मग बाजूला ठेवलं. तुझं तू बघ."

मी ते कागद एकेक करून बघितले. संगणकाने त्यातले काही ठेवले होते, काही टाकले होते. खाच राहते की जाते ते एवढ्याच कागदांवर अवलंबून होतं. मी परत पहिल्यापासून बघितले. पाचही जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मोडका हात मांडीवर घेऊन आईही. इतक्या वर्षांत या कामाजवळ आलेल्या कुणीच असा तिसरा ढीग केला नव्हता. सरांनी नाही, त्या आधीच्या मुलाने नाही, संगणकाला तर मीच दोन ढीग करायला शिकवलं होतं.

"सांग की," आत्या म्हणाल्या.

"मला पण कळत नाही, आत्या."

"शिकलीस तरी?"

"शिकले तरी."

आत्यांनी मंदा वहिनींकडे बघितलं, बघ, तुला सांगत होते, अशा अर्थाने. मग पदर झटकून उठल्या, चपला शोधल्या.

"मग आमी नीट निवडलं," त्या म्हणाल्या. "फिटलं आता."